टेपच्या पाठीमागे

चार दिवस गाडी जागेवर उभी राहिली की पाचव्या दिवशी तिला धक्का मारावा लागायचा. २०१६ साली श्रीरामपूरहून जुनी वॅगन-आर घेतली, तेव्हापासूनचं हे दुखणं. बॅटरी संपली असेल म्हणून नवी टाकली. दोन महिने बरे गेले, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एका सकाळी आईला डोळे तपासायला नगरला न्यायचं होतं. नंबर नऊचा, आणि किल्ली फिरवली की बॉनेटखालून नुसतं टक् टक्. गल्लीतल्या दोघा पोरांनी ढकलून गाडी चालू करून दिली. आई पिशवी मांडीवर घेऊन मागे बसली होती. राहुरी सुटल्यावर म्हणाली, "गावाच्या मोटारी तू नीट करतोस, आणि आपली गाडी ढकलायची?"

बोलणं खरं होतं. राहुरीच्या बाजूला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मुळेच्या कालव्यावरच्या, विहिरींवरच्या, बोअरच्या मोटारी जळून येतात. त्यांचं जळकं कॉपर तोडून काढायचं, स्लॉट साफ करायचे, नवी कॉइलं भरायची, वार्निश पाजून वाळवायचं, असं आमचं काम. ४१५ व्होल्टशी रोजचा व्यवहार. त्यामुळे गाडीच्या १२ व्होल्टकडे मी कधी आदराने पाहिलंच नव्हतं. बॅटरीची दोन्ही टोकं दोन हातांत धरली तरी माणसाला काही होत नाही, मग त्यात भ्यायचं काय, अशी माझी समजूत.

ती समजूत त्याच आठवड्यातल्या रविवारी गेली. बॅटरीचा क्लँप सोडायला दहाचा पाना घेतला आणि सवयीने आधी प्लसला लावला. पान्याचं दुसरं टोक बाजूच्या पत्र्याला टेकलं. फट्‌ असा आवाज झाला, पांढरा उजेड पडला आणि पान्याच्या कडेचा ज्वारीच्या दाण्याएवढा पोलादाचा तुकडा वितळून गेला. गाडीचा सगळा पत्रा म्हणजे बॅटरीचा मायनस. प्लसला लावलेला पाना पत्र्याला टेकला की बॅटरीतला सगळा करंट त्या पान्यातून धावतो, आणि एवढीशी बॅटरी अशा वेळी क्षणभरात काही शे अँपियर ओतू शकते. १२ व्होल्ट माणसाला झटका देत नाहीत, ते जाळतात. मायनस आधी काढला असता तर पाना पत्र्याला कुठेही टेकला तरी चाललं असतं, कारण पत्रा आणि मायनस एकच. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. हे गॅरेजमधल्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात. मी २५ वर्षं करंटमध्ये काम करून त्या दिवशी शिकलो. तो पाना मी दुकानात खिळ्याला टांगून ठेवला आहे.

मग मीटर लावला. मायनसचा क्लँप सोडून बॅटरी आणि क्लँप यांच्या मध्ये मल्टिमीटर घेतला, अँपियरच्या रेंजवर. गाडी बंद, दारं बंद, किल्ली खिशात. मीटरवर ०.२१. पायाशी असलेल्या फ्यूजबॉक्समधला एकेक फ्यूज उपसत गेलो. एका फ्यूजला आकडा ०.०२ वर आला. तो टेपचा फ्यूज होता. टेप बंद होता, त्याच्या तोंडावर एक दिवासुद्धा नव्हता, तरी तो आतून जागा होता आणि बॅटरी पीत होता. हिशेब सोपा आहे. ०.२१ अँपियर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला ५ अँपियर-तास. बॅटरी ३५ अँपियर-तासांची. चार दिवसांत २० गेले, म्हणजे निम्म्याहून जास्त. वर थंडीची सकाळ. गाडी सुरू होणार कशी?

आमच्याकडे अजून 'टेप'च म्हणतात. कॅसेट जाऊन जमाना झाला, सीडी आली आणि गेली, आता पेनड्राइव्हचं भोकही धूळ खातं आणि गाणी मोबाइलवरून ब्लूटूथने वाजतात, पण शब्द टेपच राहिला. मला तो आवडतो. वडिलांकडे रेडिओचा परवाना होता, पोस्टातून काढलेला, तिकिटं चिकटवलेली पुस्तिका. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे. १९८०च्या दशकाच्या मध्यात ते परवाने बंद झाले. घरातली ऐकण्याची वस्तू म्हणजे सांभाळायची वस्तू, हे मला त्या पुस्तिकेमुळे लहानपणीच कळलं होतं.

टेप बाहेर ओढला. त्याच्या पाठीमागे नारळाएवढा काळा गोळा निघाला. इन्सुलेशन टेपचे वेढे उन्हाने सैल होऊन त्यांचा डिंक पाघळला होता, त्यावर धूळ बसून चिखल झाला होता. वेढे सोडवले तर आत सगळे जोड नुसते बोटांनी पिळलेले. दोन जोडांवर काहीच नव्हतं, उघडं तांबं, एकमेकांपासून बोटभर अंतरावर. कुणी बसवला होता देव जाणे. आधीच्या मालकालाही आठवत नव्हतं. बाहेरून मात्र टेप झकास दिसत होता. चकचकीत तोंड, निळे दिवे.

खरा दोष त्या गोळ्याच्या पोटात होता. बाजारातल्या कुठल्याही टेपला पाठीमागून वायरींचा झुबका येतो आणि त्यांचे रंग बहुतेक कंपन्या सारखेच ठेवतात. काळी म्हणजे अर्थिंग. पिवळी थेट बॅटरीची, ती कायम चालू, कारण घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशनं तिच्यावर जगतात. लाल किल्लीवरची, किल्ली फिरवली की तिला करंट येतो, काढली की जातो, आणि लाल गेली की टेपने झोपायचं. माझ्या गाडीत लाल आणि पिवळी एकत्र पिळून कायमच्या करंटवर टाकल्या होत्या. किल्लीवरचा करंट कुठून घ्यायचा हे शोधायला टेस्ट लँप घेऊन दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं त्या माणसाने वाचवली. त्यापायी एक नवी बॅटरी खराब झाली आणि माझ्या आईचा नंबर चुकला.

ही चूक अजून मला महिन्यातून एखाद्या गाडीत दिसते. याच्या उलटही दिसतं. दोन्ही वायरी किल्लीवर टाकलेल्या, त्यामुळे गाडी बंद केली की घड्याळ शून्यावर. तिथे निदान बॅटरी तरी मरत नाही.

जुना टेप पुन्हा बसवावासा वाटला नाही. नगरला जाऊन नवा घेतला. गाड्यांमधली ही खाच १८० बाय ५० मिलिमीटरची असते. जर्मनीत ठरलेलं माप पुढे जगाने घेतलं. उंचीला दुप्पट, म्हणजे १०० मिलिमीटर असेल तर पोरं 'डबल डीन' म्हणतात. खोक्यावर मोठ्या अक्षरात '५० वॉट × ४' छापलं होतं. त्याच टेपच्या पाठीला १० अँपियरचा फ्यूज. गाडी चालू असताना अल्टरनेटर साधारण १४.४ व्होल्ट देतो. १४.४ गुणिले १० म्हणजे १४४ वॉट. एवढेच आत जाऊ शकतात, त्यातलाही मोठा वाटा उष्णतेत जातो, मग बाहेर २०० वॉट कुठून येणार? माहितीपत्रकात बारीक अक्षरात खरा आकडा असतो, बहुधा प्रत्येक स्पीकरला २० ते २२ वॉट. तो चांगला आणि पुरेसा आकडा आहे. बंद काचेच्या गाडीत २० वॉटने छाती हलते. खोक्यावरच्या आकड्यासाठी कुणी जास्त पैसे मोजू नयेत.

दुकानदाराने गाडीच्या वायरिंगला बसणारा कपलर दिला. कपलर मिळत असेल तर गाडीची मूळ वायर कापू नये. कापलेली वायर पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, आणि नव्या गाडीत वॉरंटीवरून वाद होतो तो वेगळाच.

डॅशबोर्डची चौकट काढायला मी दुपारचं ऊन निवडलं. थंड प्लॅस्टिक कडक असतं, क्लिप कट्‌कन तुटते. तासभर उन्हात राहिलं की तेच मऊ पडतं. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर न घालता जुन्या टूथब्रशचा दांडा घासून चपटा केला, तो फटीत घालून हलक्या हाताने ओढलं. चारही क्लिपा शाबूत निघाल्या. निघालेले स्क्रू स्टीलच्या वाटीत, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने.

यापुढचं काम माझ्या ओळखीचं होतं. जोड. मोटारीच्या कॉइलमध्ये सगळं कसब जोडात असतं. कॉइल कितीही सुबक भरा, लीडचा जोड कच्चा राहिला तर मोटार तिथेच जळते. कच्च्या जोडातून करंट जाताना जोड तापतो, तापला की काळा पडतो, काळा पडला की आणखी तापतो. त्याला दुसरा शेवट नाही.

पण गाडीतला जोड आणि मोटारीतला जोड यांत फरक आहे, आणि तो मला जोड तुटल्यावरच कळला. रिवाइंडिंगमध्ये आम्ही सोल्डर मारतो आणि वार्निशने जखडतो, जोड हलत नाही. गाडी हलते. नगर-मनमाड रस्त्याने राहुरीहून कोल्हारपर्यंत ज्याने गाडी नेली आहे त्याला हे सांगायला नको. सोल्डर वायरीच्या तारांमध्ये थोडा पुढे पाझरतो, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि जिथे ताठ संपून मऊ सुरू होतं नेमकी तिथे हादऱ्यांनी वायर तुटते. माझा पहिला जोड असा सहा महिन्यांत गेला. सोल्डर चमकत होता आणि त्याच्या शेजारी वायर तुटली होती. आता मी अंगठ्याच्या पेराएवढी वायर सोलतो, दोन्ही टोकं समोरासमोर आणून एकमेकांवर पिळतो, सोल्डर अगदी थोडा देतो, त्यावर स्लीव्ह सरकवून गरम हवेने आवळतो, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन इंचांच्या आत वायर शेजारच्या वायरिंगला बांधून टाकतो. जोड लोंबकळता ठेवायचाच नाही. काही जण सोल्डर टाळून पक्कडने दाबायचे जोड वापरतात. चांगली पक्कड असेल तर तेही उत्तम, कदाचित माझ्यापेक्षा उत्तम. नुसतं पिळून टेप गुंडाळणं मात्र मला कधीच मान्य नाही.

वायर घेताना धंद्याचा अनुभव कामी आला. ॲक्सेसरीच्या दुकानात जाड, लालचुटूक, मऊ वायर स्वस्तात मिळते. मी खिशातून ब्लेड काढलं आणि एक तार खरवडली. वरचा तांबूस रंग गेला आणि आत पांढरं दिसलं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियम कमी करंट वाहतं, दाबलं की जागा सोडतं, जोडाला दगा देतं. ॲल्युमिनियमच्या कॉइलच्या मोटारी येतात तेव्हा त्याचे गुण आम्हाला रोज दिसतात. दुकानदाराला वाईट वाटलं, पण मी बाहेर येऊन इलेक्ट्रिकच्या दुकानातून एक स्क्वेअरची शुद्ध तांब्याची फ्लेक्सिबल वायर घेतली. टेपला तेवढी पुरते. ब्लेडने खरवडून बघणं हे दोन सेकंदांचं काम आहे, कुणीही करावं.

स्पीकरचं काम मला सगळ्यात आवडलं. मागच्या दोन स्पीकरांच्या जुन्या वायरी एकाच रंगाच्या होत्या, प्लस कुठली ते कळेना. मुलगा तेव्हा नववीत होता. त्याला म्हटलं, घड्याळातला पेन्सिल सेल आण. त्याने वायरीची दोन टोकं सेलला टेकवली आणि मी स्पीकरच्या कागदी कोनाकडे बघत राहिलो. कोन किंचित बाहेर आला, टक्. टोकं उलटी केली, कोन आत गेला. सेलच्या प्लसला जी वायर असताना कोन बाहेर येतो ती स्पीकरची प्लस. दीड व्होल्टमध्ये कोनाची ती केसभर हालचाल बघून मुलाचे डोळे मोठे झाले. "पप्पा, म्हणजे आवाज म्हणजे हेच?" म्हणाला. हेच. कोन पुढे आला की हवा ढकलली जाते, मागे गेला की ओढली जाते, एका सेकंदात शेकडो वेळा. एक स्पीकर उलटा जोडला तर एक हवा ढकलतो त्याच वेळी दुसरा ओढतो, आणि ढोलकीचा, मृदंगाचा ठोका मधल्या मधे विरतो. गाणं ऐकू येतं पण त्यात पोट नसतं. कित्येक गाड्या वर्षानुवर्षं अशाच वाजतात आणि मालक नवे स्पीकर घेत राहतात.

स्पीकरची मायनस पत्र्याला लावायची नाही, हेही इथेच सांगतो. जुन्या काळच्या रेडिओत ती पत्र्याला चालायची. आताच्या टेपमध्ये प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरी टेपमधूनच येतात आणि दोन्हींवर करंट असतो. पत्र्याला टेकली की टेप स्वतःला बंद करून घेतो, नशीब वाईट असेल तर आतला आयसी जातो.

सगळं जोडलं, टेप चालू केला, नगर आकाशवाणी लावली. स्वच्छ आवाज. मग इंजिन सुरू केलं आणि आवाजामागे एक बारीक शिट्टी यायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढायची, सोडला की उतरायची. ही अल्टरनेटरची शिट्टी, आणि तिचं कारण दहातल्या नऊ वेळा अर्थिंगमध्ये असतं. मी काळी वायर डॅशबोर्डमागच्या एका बोल्टखाली दाबली होती. बोल्ट लोखंडी, पण त्याखालच्या पत्र्यावर रंग होता. रंगातून करंट कसाबसा जातो. पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा चकाकेपर्यंत घासली, वायरीला थिंबल दाबून तिथे आवळली, वरून गंज लागू नये म्हणून ग्रीसचा हात फिरवला. इंजिन सुरू केलं. शिट्टी नाही. मुलाने दोनदा ॲक्सिलरेटर दाबून बघितला. नाहीच. मोटारीची अर्थिंग म्हणजे माणसाचा जीव वाचवायची वस्तू, एवढंच मला तोवर माहीत होतं. आवाजाची स्वच्छताही तिथेच असते हे नव्याने समजलं.

एरिअलची पिन आत सरकवताना मात्र माझं काहीच कौशल्य लागलं नाही. बाजारातल्या बहुतेक टेपना ती पिन सारखीच असते आणि तिला मोटोरोला पिन म्हणतात. १९३० मध्ये अमेरिकेत शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी मोटारीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि 'मोटार'वरून त्याचं नाव मोटोरोला ठेवलं. पुढे तेच कंपनीचं नाव झालं. तो रेडिओ बसवणं म्हणजे दिवसभराहून जास्त काम असायचं, कारण वेगळ्या बॅटऱ्या, वेगळा स्पीकर, एरिअल, सगळं गाडीत कुठे ना कुठे कोंबायचं. आज मोबाइल चालवणाऱ्या पोराला मोटोरोला माहीत असतं, पण ते नाव मोटारीतल्या रेडिओवरून पडलं हे सांगितलं की आश्चर्य वाटतं.

रेडिओवरून आणखी एक. एकाने मुंबईहून स्वस्तात जपानी टेप आणला आणि माझ्याकडे घेऊन आला, एफएम लागत नाही म्हणून. टेपमध्ये दोष नव्हता. जपानचा एफएमचा पट्टा ७६ पासून सुरू होऊन ९० पर्यंत संपायचा, आपला १०८ पर्यंत जातो. आपली स्टेशनं त्याच्या डोक्यावरून जात होती. असा माल घेण्याआधी तोंडावरचे आकडे बघा.

माझी गाडी झाल्यावर शेजारी आले, मग पाहुणे, आणि त्याच वर्षी गळीत हंगाम सुरू झाल्यावर दुकानासमोर उसाचे ट्रॅक्टर थांबायला लागले. इथून पुढचं सांगायचं म्हणूनच खरं तर मी लिहायला बसलो.

आमच्या भागात दिवाळीनंतर तीन-चार महिने रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर वाढ्यांपर्यंत रचलेला ऊस, आणि ड्रायव्हरच्या मागे लावलेले स्पीकर. अर्ध्या किलोमीटरवरून गाणं ऐकू येतं. गावातली माणसं त्यांना शिव्या देतात, मीही द्यायचो. एका रात्री बीडकडचा एक ड्रायव्हर टेप बंद पडला म्हणून आला. पंचविशीचा असेल. मी म्हटलं, "उद्या ये, आता उशीर झाला." तर म्हणाला, "नका असं करू मिस्तरी. रात्रभर कारखान्याच्या काट्यावर नंबराला लागायचं, पहाटे खाली करून परत फडात. टेप नसला की डोळा लागतो. मागल्या साली माझ्या जोडीदाराचा लागला होता." पुढे तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

त्याचा टेप उघडला. ॲम्प्लिफायरची वायर बॅटरीपासून निघून चासीवरून घासत मागे गेली होती. मध्ये फ्यूज होता खरा, पण तो उडाला म्हणून कुणीतरी त्याच्या जागी तांब्याच्या तारेचे वेढे भरले होते. चासीच्या धारेवर वायरीची कातडी घासून गेली, तांबं लोखंडाला टेकलं, आणि फ्यूज नसल्याने अख्खी वायर टोकापासून टोकापर्यंत तापली. लाल कातडी वितळून काळी झाली होती, थेंब गळून सुकले होते. मध्ये एके ठिकाणी वायरच वितळून तुटली म्हणून ते थांबलं. मागे दोन ट्रॉल्या उसाच्या, त्यात वाळलेलं पाचट. मी ती वायर हातात घेऊन बराच वेळ बसलो. तो ड्रायव्हर म्हणत होता, "टेप चालू होईल ना?"

फ्यूज टेपला वाचवण्यासाठी असतो असं लोकांना वाटतं. तो वायरीला वाचवण्यासाठी असतो. वायर जेवढा करंट सोसते त्याच्या आत फ्यूज उडाला पाहिजे, आणि तो बॅटरीपासून हातभर अंतरात बसला पाहिजे. दूर बसवला तर बॅटरी ते फ्यूज एवढ्या वायरीला कुणी राखणदार नाही. त्या रात्री दोन वाजेपर्यंत मी त्याची सगळी वायर बदलली. चार स्क्वेअरची टाकली, बॅटरीजवळ फ्यूज, चासीवरून जाते तिथे पाइपात घातली, पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. पैसे त्याने हंगाम संपल्यावर दिले, आठवणीने.

आवाजाचं काय करायचं, हा प्रश्न मला त्या रात्रीपासून लागून राहिला. ड्रायव्हरला जागं राहायला आवाज हवा हे खरं. पण तेवढ्या आवाजात मागून आलेल्या मोटारसायकलचा हॉर्न त्याला ऐकू येत नाही हेही खरं, आणि आमच्या रस्त्यांवर त्यापायी काय होतं ते सगळे जाणतात. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर वाजवू नये असा २००० सालचा नियम आहे. रस्त्याकडेच्या वस्तीतल्या आजारी माणसाला तो नियम ठाऊक नसला तरी त्याची गरज ठाऊक असते. मी बघितलं की सगळे स्पीकर मागे किंवा बाहेर तोंड करून लावलेले असतात. म्हणजे निम्म्याहून जास्त आवाज शेतात आणि रस्त्यावर जातो, आणि स्वतःला ऐकू यावं म्हणून ड्रायव्हर तो आणखी वाढवतो. मी ते फिरवायला लागलो. दोन लहान स्पीकर मडगार्डच्या आतल्या बाजूने, ड्रायव्हरच्या कानाकडे तोंड करून. निम्म्या आवाजात त्याचं काम होतं.

मग मी माझी एक तपासणी ठरवली. ड्रायव्हरला सीटवर बसवायचं, इंजिन चालू, टेपचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. मी मोटारसायकल घेऊन दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे उभा राहतो आणि हॉर्न वाजवतो. ऐकू आला तर त्याने हात वर करायचा. हात वर आला नाही तर ॲम्प्लिफायरवरचा गेनचा स्क्रू थोडा मागे, पुन्हा हॉर्न. हात वर येतो तिथे स्क्रूवर लाखेचा थेंब टाकून बंद. पुढे बटण कितीही फिरवलं तरी आवाज त्याच्या वर जात नाही.

सगळ्यांना हे पटतं असं नाही. काही जण लाख बघून म्हणतात, "एवढ्या पैशात एवढाच आवाज?" आणि पुढच्या दुकानात जातात. तिथे त्यांना हवं ते मिळतं. मी थांबवत नाही, पण लाखेशिवाय काम करून देत नाही. गेल्या काही हंगामांत चार-पाच जण मात्र दरवर्षी परत येतात, सोबत नवा ड्रायव्हर घेऊन. त्या पहिल्या पोराने स्वतःच्या हाताने ट्रॉल्यांना मागे लाल रिफ्लेक्टर लावले आणि मला मुद्दाम दाखवायला आणले. टेपशी त्यांचा संबंध नव्हता. त्याला वाटलं मला आवडेल. आवडलंच.

मुलगा आता नगरला आयटीआय करतो. गेल्या सुट्टीत त्याने मामाच्या गाडीत एकट्याने टेप बसवला. मी गेलो तेव्हा काम झालं होतं, चौकट बसली होती. मी म्हटलं, चौकट काढ. त्याने न कुरकुरता काढली. सगळ्या जोडांवर स्लीव्ह, दोन्ही बाजूंना बांधलेले, अर्थिंगखाली घासलेला पत्रा. पिवळी बॅटरीवर, लाल किल्लीवर. वायरिंगच्या खाली एक छोटी चिठ्ठी पारदर्शक टेपने चिकटवली होती. कुठली वायर कुठून घेतली, फ्यूज किती अँपियरचा, तारीख. पुढे कधी कुणी हा टेप उघडेल त्याच्यासाठी. हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं. आता मीही प्रत्येक कामात अशी चिठ्ठी ठेवतो.

घरी टेप बसवणार असाल तर जरूर बसवा, अवघड नाही. एक रविवार द्या, मायनस आधी काढा. आणि कधी फ्यूज उडाला तर तो का उडाला ते शोधा, मग त्याच आकड्याचा दुसरा घाला. १० चा असेल तर १० चाच. फ्यूज अगदी स्वस्त असतो. दोन जास्तीचे गाडीत ठेवा.